गिटारवर सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) स्वच्छ वाजत नाही? बोटं इथे ठेवा

आधी डाव्या हाताची नखं कापा; नख फ्रेटबोर्डला, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या तारांखालच्या फळीला, टेकलं तर तार नीट दाबली जाणारच नाही.

सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधली जागा, मोजायची मानेच्या टोकाकडून. सी कॉर्डसाठी तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटमध्ये, मधलं बोट चौथीवर दुसऱ्यात, अनामिका पाचवीवर तिसऱ्यात. बोट फ्रेटच्या मधोमध नको, पुढच्या (गिटारच्या पोटाकडच्या) धातूच्या पट्टीला लागून, पण तिच्या अलीकडे हवं. मागे राहिलं तर तार झणझणते आणि मग उगाच जोर लावावा लागतो. अगदी पट्टीवर चढलं तर आवाज दबतो.

आता एकेक तार छेडा. पहिली मुकी असेल तर तर्जनी आडवी पडून तिला शिवते आहे. तिसरी मुकी असेल तर बहुतेक मधलं बोट कललंय. पेरं वाकवा, बोटं टोकावर उभी करा, अंगठा मानेच्या मागे थोडा खाली घ्या, मनगट किंचित पुढे.

सहावी तार मात्र मुद्दाम मुकी करायची, आणि नवशिके नेमकं हेच विसरतात. अनामिकेचं टोक जरासं वर सरकवून सहावीला नुसतं टेकवा, दाबू नका. छेडल्यावर ‘टक्’ एवढंच ऐकू आलं पाहिजे. डी कॉर्डमध्ये हे काम अंगठा मानेवरून वळवून करतो.

मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने तारा लवकर गंजतात आणि गंजकी तार बोटांना सोलते. वाजवून झालं की सुती कापडाने प्रत्येक तार पुसा, खालच्या बाजूनेसुद्धा.