गोधडी शिवणाऱ्या बायकांचा गट: आधी मजुरीचा हिशोब, मग बाजार

गोधडी शिवणाऱ्या स्त्रिया बहुधा आपापल्या घरी एकेकट्या काम करतात, त्यामुळे व्यापारी प्रत्येकीशी वेगळा भाव ठरवतो आणि शेजारणीला काय मिळाले हे दुसरीला कळतही नाही. म्हणून पहिल्या बैठकीत बचतीचा विषय काढण्याआधी सर्वांनी आपापला दर मोकळेपणाने सांगावा. अहमदाबादेत इला भट्ट यांनी उभारलेल्या ‘सेवा’ या स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेची नोंदणी १९७२ साली कामगार संघटना म्हणून झाली, हे येथे ध्यानात घ्यावे, ठरलेला मालक नसला तरी राबणारी स्त्री कामगारच असते.

त्यानंतर किंमत काढावी आणि त्यात घाई करू नये. कापड, दोरा, अस्तर यांचा खर्च लिहावा. मग टाके घालण्यात किती तास गेले, याची नोंद निदान तीन गोधड्यांसाठी ठेवावी. स्वयंपाक उरकून केलेले काम ‘फावल्या वेळेचे’ म्हणून सोडून देण्याची सवय फार जुनी आहे, पण ते तास मोजलेच पाहिजेत. एका गोधडीला सरासरी जितके तास लागले, त्यांना शासनाने जाहीर केलेल्या किमान वेतनाच्या ताशी पडणाऱ्या दराने गुणावे, त्यात साहित्याचा व वाहतुकीचा खर्च मिळवावा आणि त्याखालचा भाव कोणीही एकटीने स्वीकारू नये.

दहा ते वीस जणींचा बचत गट ‘उमेद’ (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या मदतीने उभा करता येतो. मुंबईच्या महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या मालाच्या प्रदर्शनात जागा मिळाली, तर विक्रीइतकेच लक्ष ग्राहक कोणता आकार, कोणते रंग मागतात हे टिपण्याकडे द्यावे. मोठी मागणी आल्यास नमुना, मुदत आणि आगाऊ रक्कम लेखी ठरवावी. निम्मे पैसे हाती आल्याशिवाय कापड फाडू नये.