पोरानं ट्रॅक पाठवला, आता त्याला नेमकं काय सांगायचं

लातूर, नांदेड, बीड, परभणी, कुठंबी जा, गल्लीत एक तरी पोरगं असतंय जे जुन्या लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ (गाणी बनवायचं सॉफ्टवेअर) टाकून ट्रॅक बनवायलंय. कोणाचं हळदीचं रिमिक्स, कोणाचं १४ एप्रिलसाठी भीमगीत, कोणी संबळ-हलगीचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले तुकडे) घेऊन स्वतःचंच काहीतरी नवीन करायलंय. झालं की पाठवतात आणि खाली लिहितात, "दादा ऐकून सांगा ना कसं वाटलं." आपण काय करतो, वीस सेकंद ऐकतो, "कडक भावा" लिहितो, दोन आगीचे इमोजी टाकतो आणि विषय संपला. नाहीतर एकदम दुसरं टोक, "बेसच नाही राव, आधी मिक्सिंग शिक." दोन्हीतून त्याच्या हाती काहीच लागत नाही, कामून की आज रात्री प्रोजेक्ट उघडल्यावर नेमकं कुठं हात घालायचा हे त्याला कळलंच नाही. फीडबॅक असा पाहिजे की वाचून झाल्याझाल्या पोरगं लॅपटॉप उघडेल.

ऐकायच्या आधी त्याला दोन गोष्टी विचारा. हे कुठं वाजणार आहे, आणि काम कुठंपर्यंत आलंय? वरातीत डीजेच्या टॉपवर (मोठ्या स्पीकरवर) वाजणारा ट्रॅक आणि रीलसाठी मोबाईलवर ऐकायचा ट्रॅक यांचा न्याय एका मापानं करता येत नाही. इंट्रोचंच बघा, १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) चार-चार ठोक्यांचे १६ बार म्हणजे बरोबर ३० सेकंद, मोबाईलवर ऐकणाऱ्याला वाटतंय हे कधी सुरू होणार, पण डीजेला आधीच्या गाण्यातून या गाण्यात यायला तेवढी जागा लागतेच. न विचारता "इंट्रो लई लांब झाला" म्हणलात तर पोरगं चांगली गोष्ट कापून टाकेल. आणि नुसती चालीची कच्ची कल्पना पाठवली असेल तर तिथं ईक्यूवर (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करण्यावर) बोलण्यात काही अर्थ नाही.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा म्हणजे आहे तशीच येते, वेव्ह (WAV, दर्जा न घटवलेली फाइल) असेल तर उत्तम. मग ऐकायचं कशावर? निदान दोन ठिकाणी, एकदा बरे हेडफोन आणि एकदा गाडीत किंवा मोठ्या स्पीकरवर. मोबाईलच्या स्पीकरमधून ५०-६० हर्ट्झची किक (बीटचा खालचा जाड ठोका) नीट निघतच नाही, म्हणून मोबाईलवर ऐकून "बेस नाही" हे वाक्य बोलूच नका. हां, ट्रॅक रीलसाठीच असेल तर मात्र सांगा की बेसला थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटवणारा इफेक्ट) लाव, वरचे हार्मोनिक्स (त्याच सुराचे पटीतले वरचे सूर) तयार झाले की छोट्या स्पीकरवरबी बेसची चाल कानाला कळते.

आवाजाची पातळीपण सांभाळा. फ्लेचर आणि मनसन या दोघांनी १९३३ मध्ये दाखवून दिलेलं आहे की हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की तोच बेस भरून येतो. त्यामुळं रात्री घरचे झोपल्यावर हळू ऐकून बेसवर निकाल द्यायचा नाही. रेफरन्स (नमुना म्हणून घेतलेल्या) गाण्याशी तुलना करतानाबी हेच, बाजारातलं गाणं मास्टर झालेलं (शेवटचा हात फिरवून मोठं केलेलं) असतंय, ते मोठं वाजतंय म्हणून चांगलं वाटतंय, आधी त्याचा आवाज खाली घेऊन दोन्ही सारखे करा आणि मग बोला.

आता सांगायचं कसं. मी पहिल्यांदा पूर्ण गाणं मधी न थांबवता ऐकतो आणि दुसऱ्या वेळी वेळेसकट लिहून घेतो. कुठं, काय ऐकू आलं, आणि काय करून बघता येईल, एवढं तिन्ही असलं पाहिजे. "बेस घाण झालाय" असं लिहिण्यापेक्षा असं लिहा की "०:४८ ला ड्रॉप येतो तिथं किक आणि ८०८ एकदम वाजले की किक दबते, ८०८ ला किकचं साइडचेन लावून बघ." (ड्रॉप म्हणजे बीट जोरात सुरू होते ती जागा, ८०८ म्हणजे लांब घुमणारा बेसचा आवाज, साइडचेन म्हणजे किक वाजली की ८०८ आपोआप क्षणभर खाली जाणं.) काय ऐकू आलं हे ठामपणे सांगायचं, उपाय मात्र "करून बघ" असाच सांगायचा, कारण प्रोजेक्ट त्याच्यासमोर आहे, आपल्यासमोर नाही, कदाचित त्याची किकच मुळात कमजोर असेल.

आपल्याकडच्या ट्रॅकमध्ये मला सगळ्यात जास्त सापडणारी गोष्ट म्हणजे ८०८ सुरात नसणं, आणि हिच्यावर कोणी बोलतच नाही. गाणं काळी एकमध्ये आहे, म्हणजे सी शार्प, आणि पोरानं ८०८ चं सॅम्पल पॅकमधून उचलून तसंच टाकलं जे डी मध्ये आहे. सी शार्प ६९.३ हर्ट्झला, डी ७३.४ ला. गाण्यातल्या सिंथचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) किंवा हार्मोनियमचा खालचा सूर आणि हा ८०८ एकत्र आले की सेकंदाला चार वेळा थरथर होते. हेडफोनवर ती कळत नाही असं नाही, पण "काहीतरी गढूळ वाटतंय" एवढंच वाटतंय, आणि मग पोरगं ईक्यू फिरवत रात्र घालवतंय. इलाज ईक्यूत नाहीच, पियानो रोलमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या सूर मांडायच्या खिडकीत) नोट एक घर खाली घेतली की झालं. घरात पेटी असेल, भजनी मंडळात कोणी पेटीवाले काका असतील, तर त्यांना गाण्याचा सूर विचार म्हणून सांगा, ते दोन सेकंदात काळी-पांढरी सांगतात.

दुसरी गोष्ट हलगीची. हलगीचा कडकडाट जिथं जोरात असतो तिथंच, साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये, गायकाचे शब्द कळायची जागा असते. मग हलगी चालू झाली की शब्द जातात. याला "हलगी कमी कर" असं सरसकट सांगू नका, हलगीसाठीच तर लोक नाचणार आहेत. गायक गात असताना तेवढ्या पट्ट्यात दोन-तीन डीबी काप, किंवा हलगीचा मोठा तुकडा दोन ओळींच्या मधल्या जागेत ठेव, असं सांगा. आणि हलगी एकदम निर्जीव वाटत असेल तर विचारा की सगळं क्वांटाइझ केलंय का, म्हणजे ठोके ओढून ग्रिडवर, मापाच्या रेघांवर बसवलेत का. वाजवणाऱ्याचा हात ग्रिडवर पडत नसतो, जरा मागंपुढं पडतो आणि त्यातच डोलणं आहे, शंभर टक्के क्वांटाइझ केलं की ते मरतं. अर्धंच करून बघ म्हणायचं, किंवा नुसता समेचा ठोका जागेवर आण आणि बाकीचे सोड. माझं तर म्हणणं आहे गावातल्या हलगीवाल्याला बोलावून मोबाईलवर का होईना स्वतः रेकॉर्ड करावं, त्याला मान द्यावा, पैसे द्यावेत, त्या आवाजाची सर डाउनलोड केलेल्या लूपला येत नाही.

इथं एक फरक पाळा. मास्टरचा मीटर लाल होऊन आवाज फाटतोय, डावी-उजवी बाजू एक करून म्हणजे मोनोत ऐकल्यावर सिंथ गायब होतोय (डीजेच्या सेटअपवर दोन्ही बाजूला एकच सिग्नल दिलेला असला की हे हमखास होतं), एआयनं गाण्यातून वेगळा केलेला गायकाचा आवाज पाण्यातून आल्यासारखा येतोय, डीजेच्या नावाचा टॅग बरोबर मुखड्यावर पडतोय, या चुका आहेत, सरळ सांगा. पण संबळासोबत असला सिंथ नको होता, ड्रॉप अजून उशिरा यायला पाहिजे होता, ही तुमची आवड आहे, तिथं "मला असं वाटतं" लावायलाच पाहिजे. आवड चूक म्हणून सांगितली की पोरं स्वतःचं सोडून आपल्यासारखं बनवायला लागतात, आणि हे नुकसान फाटलेल्या आवाजापेक्षा मोठं आहे.

गायकाचा आवाज दुसऱ्याच्या गाण्यातला असेल तर विचारा की परवानगीचं काय आणि गायकाचं, शाहिराचं नाव टाकणार आहेस का. हे संगीताबाहेरचं नाही, फीडबॅकमध्येच येतं.

एका वेळी तीनच मुद्दे, त्यापेक्षा जास्त नाही, आणि मोठा मुद्दा आधी. आधी गाण्याची मांडणी, मग कोणता आवाज किती मोठा, मग बारीकसारीक. जे आवडलं तेबी वेळेसकट सांगा, "१:३२ ला सगळं थांबून नुसता संबळ राहतो ते लई भारी, तिथं अजून एक बार थांबलास तरी चालेल." याचं कारण असं की काय जमलंय हे माहीत नसलं तर पुढच्या वेळी तेच खोडून बसतात. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ट्रॅक आला तर अर्ध्या तासात होईल तेवढंच सांगायचं, लिमिटर (आवाज एका पातळीवर अडवणारा इफेक्ट) ढिला कर, टॅग पुढं सरकव, बस, मांडणीचं नंतर बोलू. आणि चूक सांगायची तर ग्रुपवर सगळ्यांसमोर नाही, फोन करायचा.

दुरुस्त करून परत पाठवलं की न चुकता ऐका, जुनं आणि नवं एका आवाजावर लावून. सुधारलं असेल तर कुठं ते सांगा. बिघडलं असेल, आणि बऱ्याचदा बिघडतंच, तर "तुझं पहिलं व्हर्जनच ठेव, फक्त ८०८ ची नोट नव्यातली घे" असं स्पष्ट सांगा, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की जुना प्रोजेक्ट पुसायचा नाही, प्रत्येक वेळी नवीन नावानं सेव्ह करायचा.