नॉर्वेत मी चुकीच्या शिडीवर चढले, त्याविषयी

सी. ए. होऊन किंवा वित्त विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊन नॉर्वेत येणाऱ्या, आणि एखाद्या मोठ्या उद्योगाच्या व्यवस्थापनात वरपर्यंत जाण्याची इच्छा बाळगणाऱ्या मुलींसाठी मी हे लिहीत आहे. व्हिसा, घरभाडे आणि भाषेच्या परीक्षा यांची माहिती तुम्ही मिळवलेली असेलच, असे मी गृहीत धरते. मला सांगायचे आहे ते एकाच चुकीविषयी, कारण त्या चुकीत माझी पाच वर्षे गेली आणि तिची वजाबाकी अजून पुरी झालेली नाही.

बर्गेन येथील नॉर्वेजियन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये माझे शेवटचे सत्र चालू असताना, मार्च २०१९ मध्ये, हिल्डे मेरेते ओसहाइम यांची नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीच्या मुख्याधिकारीपदी निवड जाहीर झाली. १९०५ साली स्थापन झालेल्या त्या कंपनीच्या सर्वोच्च पदावर प्रथमच एक स्त्री येत होती, आणि ती याच संस्थेत शिकलेली होती. घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, १९ मार्चला, हायड्रोवर मोठा सायबर हल्ला झाला. अनेक देशांतील संगणक बंद पडले, काही कारखाने माणसांना हाताने चालवावे लागले, आणि कंपनीने खंडणी देण्यास नकार दिला. वर्गात तेव्हा दुसरा विषयच नव्हता. मला मात्र हल्ल्यापेक्षा ओसहाइम यांच्या शिक्षणाचे अप्रूप अधिक होते, कारण त्या मूळच्या लेखापरीक्षक होत्या आणि मीही लेखापरीक्षक होते.

त्या रात्री मी त्यांच्या कारकिर्दीचा आलेख वाचला, आणि जे वाचायचे होते तेवढेच वाचले. आरंभ हिशेबात, नंतर एल्केम कंपनीत वित्तप्रमुख, २००५ साली हायड्रोत प्रवेश करून नेतृत्व आणि कार्यसंस्कृती या विभागाची जबाबदारी, २००७ मध्ये हायड्रोचा तेल-वायू व्यवसाय स्टाटऑइल या नॉर्वेच्या तेल कंपनीत विलीन होताना त्या एकत्रीकरणाचे नेतृत्व, त्यानंतर नव्या कंपनीत मुख्यालयाच्या सेवांची धुरा, आणि शेवटी मुख्याधिकारीपद. मी निष्कर्ष काढला की मुख्यालयात राहावे, वित्त, मनुष्यबळ आणि बदलाचे प्रकल्प सांभाळावेत, म्हणजे शिडी आपोआप वर नेते.

मधल्या दोन ओळी मी ओलांडून गेले होते. एल्केममध्ये वित्तानंतर त्यांनी सिलिकॉनचा व्यवसाय स्वतः चालवला होता. २००८ मध्ये हायड्रोत परतल्यावर त्यांनी प्राथमिक धातू, म्हणजे ॲल्युमिनियम वितळवून काढण्याचा विभाग हाती घेतला आणि तो दहा वर्षांहून अधिक काळ सांभाळला. सुनदाल, ओरदाल आणि कारमोय येथील कारखाने त्याच विभागातले. अशा कारखान्यात काही तास वीज गेली तरी भांड्यांतील धातू थिजू लागतो, त्यामुळे तेथील प्रमुखाला अहवाल सादर करून मोकळे होता येत नाही. त्यांच्याच काळात, २०१८ च्या सुरुवातीला, कारमोय येथे नव्या तंत्राचा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. एक किलो धातूला जगात सरासरी १४ युनिटच्या आसपास वीज लागते, ती या तंत्राने १२.३ युनिटपर्यंत आणायची होती. अशा आकड्याची जबाबदारी ज्या व्यक्तीवर असते, तिच्याकडे वरच्या जागेसाठी पाहिले जाते. ओसहाइम मुख्यालयाच्या कामात शिरल्या तेव्हा व्यवसाय चालवल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आधीच होता, आणि मी मात्र रिकाम्या हाताने त्याच दारातून आत गेले.

नॉर्वेत कामाचे दोन प्रकार मानतात: स्टाब आणि लिन्ये. स्टाब म्हणजे सल्ला देणारे, मोजणारे, आखणारे विभाग, आणि लिन्ये म्हणजे माल काढणारी, विकणारी, नफ्या-तोट्याला उत्तर देणारी रांग. पदवीनंतर ऑस्लोतील एका कंपनीत मी स्टाबमध्ये सल्लागार झाले. दोन वर्षांनी वरिष्ठ सल्लागार झाले आणि पुढे विशेष सल्लागार. प्रत्येक बढतीला केक कापला गेला, पगार वाढला, आणि मी कोल्हापूरला फोन करून ती बातमी सांगितली. मात्र या पाच वर्षांत माझ्या हाताखाली एकही माणूस नव्हता, आणि महिन्याच्या अहवालात ज्याच्यापुढे माझे नाव असेल असा एकही आकडा नव्हता.

हा सापळा ओळखणे कठीण जाते, कारण तो अतिशय आरामदायी असतो, म्हणून मी जरा अधिकच फोड करून सांगते. स्टाबमध्ये तुमची स्तुती होते, तुम्हाला वरिष्ठांच्या बैठकीत बसायला मिळते, तुमचे सादरीकरण संचालक मंडळासमोर जाते, आणि या सगळ्याला आपण सत्तेजवळ असणे समजतो. प्रत्यक्षात आपण सत्तेच्या शेजारच्या खोलीत असतो. तुमच्या पदाविषयी स्वतःला तीन गोष्टी विचारा. जादा कामाच्या तासांवर सही कोणाची लागते? माल परत आला तर ग्राहक कोणाला फोन करतो? तुम्ही तीन आठवडे सुट्टीवर गेलात तर काय थांबते? तिन्ही उत्तरांत तुम्ही नसाल, तर तुमच्या पदनामात कितीही विशेषणे असोत, तुम्ही सल्लागारच आहात. मला हे कळले ते एका कारखान्याच्या व्यवस्थापकपदासाठी मी अंतर्गत अर्ज केला तेव्हा. नकार अतिशय नम्र होता आणि त्यात एकच कारण होते: लिन्येचा अनुभव नाही.

येथे कायदा आपल्या मदतीला येईल, या भ्रमात राहू नका. नॉर्वेने २००३ साली सार्वजनिक मर्यादित कंपन्यांच्या संचालक मंडळांत स्त्री आणि पुरुष दोघांचेही प्रमाण साधारण ४० टक्क्यांहून कमी नसावे असा नियम केला, २००८ पर्यंतची मुदत दिली, आणि न पाळणारी कंपनी विसर्जित करण्यापर्यंतची तरतूद ठेवली. मंडळे खरोखर बदलली. परंतु हा नियम मंडळाच्या मेजापुरता आहे, आणि कारखाना कोणी चालवायचा हे त्यात कोठेही लिहिलेले नाही. आपल्याकडच्या २०१३ च्या कंपनी कायद्यातील किमान एका स्त्री संचालकाची अटही मंडळापुरतीच आहे. ओसहाइम यांच्याच वर्षी डीएनबी या बँकेच्या पहिल्या स्त्री मुख्याधिकारी झालेल्या शेर्स्टिन ब्रोथेन यांनीही वित्तप्रमुख होण्यापूर्वी कंपन्यांना कर्ज देणारा विभाग चालवला होता.

म्हणून २०२४ मध्ये मी पश्चिम किनाऱ्यावरील एका लहान फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, उत्पादन विभागाची प्रमुख झाले. पगार कमी झाला आणि पदनामातील ‘विशेष’ गेले. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्री चालवत. त्या धुरापासून लांब जाण्यासाठीच मी सी. ए. केले होते. आता मी फाउंड्रीतच गेले, हे कळल्यावर ते फोनवर बराच वेळ हसले. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या वेर्नेओम्बुदने, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या सुरक्षा प्रतिनिधीने, एका भट्टीजवळचे काम थांबवले. धोका दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकार त्याला कायद्याने दिलेला आहे. मला तो नियम पाठ होता, तरी माझा पहिला प्रश्न ‘किती वेळ?’ असा निघाला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि उत्तर दिले नाही. पुढचे दोन महिने मी ते न मिळालेले उत्तर भरून काढण्यात घालवले, आणि रोज सकाळी सहाच्या पाळीला हजर राहिले.

आता माझी काही मते, जी सर्वांना पटणार नाहीत. मार्गदर्शक नेमून देणाऱ्या योजनांवर माझा फारसा विश्वास नाही. मला अशा योजनेतून एक मोठे अधिकारी मिळाले होते. त्यांनी चार वेळा कॉफी पाजली आणि माझे कौतुक केले. मला खरे शिकवले ते तीस वर्षे भट्टीवर काढलेल्या एका फोरमनने, तेही बहुतेक वेळा चिडून. नेतृत्वाचे आठवड्याभराचे अभ्यासक्रमही करू नका. ते पैसे भाषेवर खर्च करा, कारण सादरीकरणाची नॉर्वेजियन आणि रात्रपाळीची नॉर्वेजियन या दोन वेगळ्या भाषा आहेत आणि परीक्षेत दुसरी विचारत नाहीत.

बाळंतपणाच्या रजेची भीती मात्र बाळगू नका, हे मी मनापासून सांगते. पूर्ण वेतनावर ४९ आठवड्यांची रजा आई-वडिलांत वाटली जाते, त्यांपैकी १५ आठवडे वडिलांसाठी राखीव असतात, आणि साडेचारच्या आत पाळणाघर गाठायला निघालेल्या व्यवस्थापकाकडे कोणी वळून पाहत नाही. मी स्वतः लिन्येत असताना रजेवर गेले आणि माझी जागा माझीच राहिली. सुरुवात स्टाबमध्ये झाली असेल तरी घाबरू नका, दोन वर्षे तेथे काढण्यात काहीच वावगे नाही. तिसऱ्या वर्षी मात्र केक खाण्याआधी नव्या पदाचे वर्णन वाचा, आणि त्यात माणसे किंवा पैसा यांपैकी एकही शब्द नसेल तर बढती नाकारून खालची लिन्येतील जागा मागा. ती मागताना वरिष्ठांना वाटेल की तुमचे काही बिनसले आहे. माझ्या वरिष्ठांनी मला दोनदा विचारले की घरी सर्व ठीक आहे ना.

ज्या पदासाठी मला नकार मिळाला होता, तशाच एका पदाची जाहिरात मागच्या महिन्यात आली. मी अर्ज केला आहे. अनुभवाच्या रकान्यात या वेळी मी रिजेक्शनचे, म्हणजे सदोष निघालेल्या मालाचे, प्रमाण लिहिले, सुरुवातीचे आणि आताचे, आणि त्याखाली त्या फोरमनचा दूरध्वनी क्रमांक दिला. मुलाखत अजून व्हायची आहे.