नोकरी गेली, भत्ता यायचाय आणि लोन पण पाहिजे? मग या चुका टाळा

इंदूरजवळच्या पीथमपूरमधल्या आमच्या युनिटमध्ये एका शनिवारी संध्याकाळी एचआरवाल्याने एकेकाला केबिनमध्ये बोलावलं, समोर टाइप केलेला कागद सरकवला आणि म्हणाला सही करून टाका, हिशोब लवकर होईल. कागद म्हणजे राजीनामा. 'वैयक्तिक कारणामुळे' वगैरे. अकरा जण होतो, सात जणांनी केली सही. मी पण पेन उचललंच होतं, पण स्टोअरमधल्या काकांनी बाहेर बाकावर बसल्या बसल्या आधीच कानात सांगितलं होतं, "तू सोडतोयस की ते काढताहेत? मग जे आहे ते त्यांनाच लिहू दे ना." काकांचे वडील इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९२ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी निघाले ते २५ डिसेंबर २०२३ ला, ४,८०० कामगारांचे, आणि तोपर्यंत त्यातले कितीतरी जण वरती गेलेले. अशा घरातला माणूस कागदावर काय लिहिलंय ते दोनदा वाचतोच.

तर पहिली चूक ती सही. ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा निगमची, नोकरी गेलेल्यांना भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, १ जुलै २०१८ पासून. पगार २१,००० पर्यंत असेल आणि स्लिपवर ०.७५ टक्के ईएसआयसी कापलं जात असेल तर तुम्ही त्यात येऊ शकता. सुरुवातीला सरासरी कमाईच्या २५ टक्के द्यायचे, कोरोनात २०२० ला ते ५० टक्के केले, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. पण ही मदत ज्याची नोकरी गेली त्याला आहे. गैरवर्तनासाठी काढलेला, रिटायर झालेला, स्वतःहून निवृत्ती घेतलेला यांना नाही. आता तुम्हीच 'वैयक्तिक कारण' लिहून दिलंत तर समोरच्याने काय समजायचं? कंपनीला महिन्याच्या भरण्यात शेवटची तारीख आणि कारणाचा कोड टाकावा लागतो, त्यात नोकरी सोडली वेगळं आणि छाटणी वेगळं, आणि हातात राजीनामा असला की ते पहिलंच टाकणार. काढल्याचं पत्र मागा. पत्र देत नसतील तर निदान एक मेल किंवा व्हॉट्सअॅप मेसेज तरी करा की अमुक तारखेपासून मला कामावर येऊ नका म्हणून सांगितलं आहे, कृपया लेखी द्या. उत्तर नाही आलं तरी तारखेचा तो पुरावा राहतो.

ठेकेदार बदलला, नंबर पण बदलला

ही चूक आपली नसते पण भोगायची आपल्याला. योजनेत विमित नोकरीची निदान दोन वर्षं लागतात, आणि नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या अंशदान (विम्याची वर्गणी भरण्याच्या) काळात ७८ दिवस भरलेले हवेत, शिवाय त्याच्या आधीच्या तीन काळांपैकी एकात पण ७८. हे काळ सहा-सहा महिन्यांचे, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. आता पीथमपूर काय आणि इंदूरचा सांवेर रोड काय, तिथे निम्मी पोरं ठेक्यावर, गेट तेच, मशीन तेच, फक्त दर वर्षी ठेकेदार वेगळा, आणि प्रत्येक ठेकेदार घाईघाईत नवीन विमा नंबर काढून मोकळा होतो. मग तुमची चार वर्षं तीन नंबरांत वाटली जातात आणि एकातही दोन वर्षं भरत नाहीत. जुनी कार्डं, स्लिपा जे काय ट्रंकेत असेल ते काढा आणि क्लेमच्या आधी नंबर एकत्र करून घ्यायचा अर्ज द्या. क्लेम रिजेक्ट झाल्यावर हे करत बसलं की दुप्पट चकरा होतात.

रक्कम किती येणार तेही आधी काढून ठेवा, नाहीतर घरात भलत्याच आशा लागतात. गेल्या चार अंशदान काळांची एकूण कमाई भागिले ७३०, त्याचं अर्धं, गुणिले ९०. महिना १८,००० पूर्ण दोन वर्षं असेल तर दिवसाचे साधारण २९६ रुपये आणि एकूण २६,६०० च्या आसपास. मध्ये पाच महिने घरी बसला असाल तर भागायचं ७३० नेच, म्हणून तेच २१ हजारांवर येतं. आमच्या गल्लीतला एक जण पूर्ण २७,००० धरून बसला होता आणि त्या भरवशावर त्याने मेहुण्याकडून उसने पण घेतले.

नाव

आपण मराठी लोक इथे राहून दोन्ही दगडांवर पाय ठेवतो. शाळेच्या दाखल्यावर मधे वडलांचं नाव, आधार काढताना एमपीच्या पद्धतीने फक्त नाव-आडनाव, आणि पीएफमध्ये एचआरने ऐकून जे वाटलं ते. बायकांचं तर विचारूच नका, माहेरचं नाव पीएफला, सासरचं आधारला, आणि बँकेत तिसरंच. माझ्या आडनावात एका जागी एक 'ए' जास्त होता, इंग्रजीत, एवढ्याने पीएफचा क्लेम अडकला. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा असेल आणि आधारशी पडताळलेला असेल तर नाव, जन्मतारीख यांची दुरुस्ती २०२५ पासून आपण स्वतः ऑनलाइन करू शकतो, कंपनीच्या पाया पडायला नको. त्याआधीचा यूएएन असेल तर जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे आपण आणि कंपनीने मिळून द्यायचा अर्ज, लागतं, म्हणून कंपनीशी भांडण झालं असलं तरी दार बंद करून येऊ नका.

बँक खातं पण बघा. सिंडिकेट २०२० ला कॅनरात गेली, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, आयएफएससी बदलले, आणि आपण मात्र जुन्या पासबुकाची झेरॉक्स जोडतो.

मधले ३० दिवस, आणि तिथेच माणूस घसरतो

क्लेम नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी करायचा. आधी ही वाट ९० दिवसांची होती. मी तिसऱ्याच दिवशी नंदानगरला ईएसआयसीच्या ऑफिसात पोहोचलो होतो, फाइल काखेत, खिडकीवर कळलं की अजून वेळ आहे, मग बाहेर येऊन जीरावण टाकलेले पोहे खाल्ले आणि तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर 'सरकारी लोन तुरंत' टाइप केलं. ही माझी सगळ्यात मोठी चूक. दोन दिवसांत तीन बँका आणि दोन अॅप, पाच ठिकाणी अर्ज. प्रत्येक अर्जाला समोरचा तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढतो आणि ती नोंद रिपोर्टात राहते, लागोपाठ पाच दिसल्या की माणूस बुडतोय असंच वाटतं. पुढे बँकेतल्या मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला. आपला रिपोर्ट आपण स्वतः काढला तर स्कोअर कमी होत नाही, आणि असे रिपोर्ट बनवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी बघायचा.

आणि लोनच्या आधी स्वतःचे पैसे. पीएफ! २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पीएफच्या बोर्डाने ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच काढता येतील, उरलेले २५ टक्के मात्र १२ महिने बेकार राहिल्यावर, आधी ते दोन महिन्यांवर होतं. क्लेम टाकायच्या दिवशी पोर्टलवर कोणता नियम दिसतोय ते वाचून मगच पुढे जा. कंपनीने एक्झिटची (नोकरी सुटल्याची) तारीख टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी आपणच आधारच्या ओटीपीने टाकू शकतो, फक्त ती तारीख ईएसआयसीतल्या तारखेशी जुळली पाहिजे. एक अजून, घाईत पेन्शनचा हिस्सा पण काढून टाकतात लोक, थोड्याशा रकमेसाठी आतापर्यंतची पेन्शनची सर्व्हिस शून्य. मी नाही काढला.

एका कागदावर बेकार, दुसऱ्यावर मालक

आता लोनचं खरं. आपल्याकडे 'नोकरी गेली म्हणून घरभाडं आणि शाळेची फी भरायला सरकारी लोन' असं मुद्रात पण नाही आणि स्वनिधीत पण नाही. मुद्रा २०१५ पासून आहे, शिशू गटात ५०,००० पर्यंत, तारण नाही, पण धंद्यासाठी. स्वनिधी ठेलेवाल्यांसाठी, त्यात नगर निगमचं विक्रेता प्रमाणपत्र नाहीतर शिफारसपत्र लागतं, पहिलं कर्ज आधी १०,००० चं होतं, २०२५ मध्ये १५,००० केलं. म्हणजे ज्याचा ठेला नाही त्याने तिथे वेळ घालवू नये.

मला राजवाड्याजवळ एक एजंट भेटला, म्हणाला भिया काही टेन्शन नाही, लिहून टाकू की तुमचं दोन वर्षांपासून टिफिन सेंटर चालू आहे. मुद्राचा फॉर्म भरून पण झाला होता. रात्री बायको म्हणाली, "अहो, तिकडे लिहिलंत काम नाही म्हणून, इकडे लिहिताय धंदा जोरात आहे म्हणून, आणि दोन्हीकडे आधार नंबर तोच." मी गप्प. भत्ता चालू असताना कमाईचं काम मिळालं की भत्ता थांबतो, आणि इथे तर मी स्वतःच सहीनिशी कबूल करत होतो की मी दोन वर्षांपासून कमावतोय. बरं, डबे खरंच जायचे, सुदामानगरातून आठ डबे, पण ते ती करायची. मग लोन तिच्या नावाने का नाही? तसंच केलं. तिच्या नावाने उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, हे एकदम फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा), खाण्याचा धंदा म्हणून एफएसएसएआयचं साधं रजिस्ट्रेशन वर्षाला १०० रुपये, आणि मिक्सर-ग्राइंडर व मोठ्या शेगडीचं दुकानाच्या लेटरहेडवर कोटेशन. मागितले ३८,०००, पूर्ण ५०,००० नाही, कारण आठ डब्यांना ५०,००० ची शेगडी कोण देणार. बँकेतल्या मॅडमनी डब्यांच्या हिशोबाची वही पण उलटून पाहिली, तेलाचे डाग होते तिच्यावर, आणि मला वाटतं त्या डागांनीच काम केलं.

एजंटला दिलेले ५०० गेले.

बाकी फसवणुकीचं थोडक्यात. 'मुद्रा लोन मंजूर, फी भरा' असं अशोकस्तंभ छापलेलं पत्र व्हॉट्सअॅपवर आलं की ते खोटंच. मुद्रा थेट कुणाला कर्ज देत नाही, देते ती बँक किंवा फायनान्स कंपनी. अॅपवरून घेणार असाल तर व्याज आणि सगळे चार्ज एका कागदावर लिहून देणं त्यांना बंधनकारक आहे आणि पैसे सरळ तुमच्या खात्यात आले पाहिजेत. कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली की काढून टाका अॅप. पैसे गेले असतील तर रडत बसू नका, १९३० ला लगेच फोन.

एकतिसाव्या दिवशी क्लेम ऑनलाइन टाकला, प्रिंट काढली, आधार आणि रद्द केलेला चेक जोडून शाखेत दिली. कंपनीच्या सहीसाठी थांबायची गरज नव्हती, हे २०२० पासूनच सोपं केलंय, तरी माझ्या बरोबरचे दोघं महिनाभर कंपनीच्या गेटवर सही मागत फिरत होते. या काळात ईएसआयसीच्या दवाखान्याची सोय पण चालू राहते, माझ्या आईची शुगरची औषधं तिथूनच आणली.

नंतर सांवेर रोडला काम मिळालं. पहिल्या दिवशी एचआरची मुलगी म्हणाली, "सर ईएसआयसीचा नवीन नंबर बनवून देते, दोन मिनिटांत होतो." मी पाकिटातून जुनं कार्ड काढून तिच्या की-बोर्डवर ठेवलं.