स्ट्रीट ट्रायल्सची सायकल बांधताना काय काय बघायचं (बेळगावकडच्या पोरांसाठी)

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर इकडची बरीच पोरं विचारायलेत की स्ट्रीट ट्रायल्ससाठी, म्हणजे पाय न टेकता कठडे, कट्टे, भिंतींवर सायकलने उड्या मारायच्या खेळासाठी, सायकल कशी जमवायची, आणि जवळपास सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, फ्रेम कुठली घेऊ. खरं माझं सांगणं आहे की फ्रेमच्या आधी मागचा ब्रेक ठरव. या प्रकारात निम्मा वेळ तू मागच्या एका चाकावर उभा असणार, ब्रेक आवळून, कठड्याच्या कडेवर, आणि त्या वेळी चाक बोटभर जरी पुढं सरकलं तरी तू खाली आलास म्हणून समज. म्हणून पैसे आणि लक्ष या क्रमाने घाल, ब्रेक, हब (चाकाचा मधला फिरता भाग), चेन, टायर, आणि मग उरलेलं सगळं. रंग आणि स्टिकर तर सगळ्यात शेवटी.

आधी कुठल्या जातीची सायकल पाहिजे ते पक्कं कर. ट्रायल्सचं मूळ मोटरसायकलच्या ट्रायल्समध्ये आहे, तिथून स्पेनमध्ये ते सायकलवर आलं, आणि स्पर्धेत आजही २० इंची आणि २६ इंची अशा दोन जाती चालतात, त्यांना सीटसुद्धा नसते कारण बसायचंच नसतं. स्ट्रीटवाल्यांनी मात्र २४ इंची चाक जास्त धरलं. स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॅस्किलने एडिंबरात केलेल्या राइडचा एप्रिल २००९ मधला व्हिडिओ जगभर पाहिला गेला, तीही राइड इन्स्पायर्ड कंपनीच्या २४ इंची सायकलवरच होती, आणि तेव्हा तो सायकलच्या दुकानात मेकॅनिकचं काम करायचा हे विसरू नका, स्वतःची गाडी स्वतः खोलता येणं या खेळाचा भागच आहे. २४ चा फायदा असा की २० पेक्षा जरा स्थिर, २६ पेक्षा हवेत फिरवायला हलकी, आणि मॅन्युअल, ३६०, रोलबॅक असल्या कसरती सगळ्या जमतात.

आता फ्रेम. ट्रायल्सच्या फ्रेममध्ये मागचा भाग आखूड असतो, बॉटम ब्रॅकेटपासून (पायडलचे दांडे, म्हणजे क्रँक, बसतात तिथून) मागच्या एक्सलपर्यंत ३६ सेंटीमीटरच्या आसपास, साध्या एमटीबीला हेच ४२-४४ असतं, आणि बॉटम ब्रॅकेट एक्सलच्या रेषेपेक्षा वर असतो. या दोन गोष्टींमुळेच पुढचं चाक सहज उचलतं आणि मागच्या चाकावर उभं राहता येतं. म्हणून बाजारातली लहान पोरांची २४ इंची एमटीबी घेऊन तिलाच ट्रायल्स करू म्हणणं सोडून दे, ती भूमिती वेगळी आणि त्या नळ्या उंचावरून मारलेल्या उड्यांसाठी बनवलेल्याच नसतात. खरी ट्रायल्स फ्रेम बाहेरून मागवावी लागते, कस्टम ड्युटी धरून हिशोब कर. ते परवडत नसेल तर आडवे ड्रॉपआऊट (मागचं चाक बसतं त्या खाचा) असलेली २६ इंची डर्ट जंप फ्रेम हुडक, क्रोमोली स्टीलची मिळाली तर उत्तम, आणि तिला रिजिड (स्प्रिंग नसलेला) चिमटा बसव. सस्पेन्शनचा चिमटा नको, हॉप मारताना तू हाताने जो जोर लावतोस तो स्प्रिंगच गिळून टाकते.

सेकंडहॅंड फ्रेम बघायला गेलास तर चांगल्या उजेडात बघ, हेड ट्यूबच्या खालचा जोड, बॉटम ब्रॅकेटच्या भोवतालचा जोड आणि ड्रॉपआऊट, तिथं केसाएवढी रेघ दिसली तर नख फिरवून बघ, नख अडकलं की फ्रेम परत दे. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, ॲल्युमिनियमची तुटलेली फ्रेम वेल्डिंग करून परत चालवू नका. आपल्या उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) वेल्डिंगवाले एक नंबर आहेत यात शंका नाही, खरं ६०६१ सारख्या ॲल्युमिनियमला कारखान्यात उष्णता देऊन ताकद आणलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या बाजूला ती ताकद जाते, आणि पूर्ण फ्रेमला परत हीट ट्रीटमेंट केल्याशिवाय ती येत नाही. वेल्डिंग कितीही सुबक दिसूदे, तुटणार त्याच्या शेजारीच.

ब्रेकमध्ये दोन रस्ते आहेत. एक मागुरा कंपनीचा एचएस ३३, तो हायड्रॉलिक रिम ब्रेक, ट्रायल्सवाल्यांचा जुना आवडता, आणि त्याच्यासाठी रिमची बाजू ग्राइंडरने खरबरीत करतात म्हणजे पॅड पकडतो. पूर्वी गुळगुळीत रिमवर डांबर घासायचे, तेही चालतं, खरं ग्राइंड केलेल्या रिमवर डांबर लावायचं नाही. दुसरा रस्ता डिस्क. आपल्याकडच्यासाठी मी डिस्कच म्हणेन, निदान मागे तरी. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस तुला माहिती आहे, आणि पावसाळ्यात तांबडी माती उडून रिमवर बसली की ग्राइंड केलेली रिम आणि ती माती मिळून पॅड खाऊन टाकतात. उन्हाळ्यात बेळगाव गावातच चालवणार असशील तर एचएस ३३ ला तोड नाही, लॉक झाला की झाला. डिस्कमध्ये चाक लॉक करून सायकल पुढं-मागं ढकललीस तर किंचित टक टक हालचाल लागते, पॅड कॅलिपरमध्ये (त्यांना धरणाऱ्या भागात) हलतात म्हणून, ती थोडी असणारच. खरं ती जास्त वाटली तर आधी रोटरचे (डिस्कच्या चकतीचे) सहा बोल्ट बघ, टी २५ चा पाना लागतो, साधारण ५-६ न्यूटन मीटर, आणि त्यांना निळा लॉकटाइट (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावायचा डिंक).

ब्रेकचं तेल बघून घे. शिमानो आणि मागुरा मिनरल ऑइलवर चालतात, दुसऱ्या काही कंपन्या डॉट फ्लुइडवर, आणि एकाचं दुसऱ्यात घातलं की आतले सील फुगून ब्रेक कायमचा जातो. मोटरसायकलच्या दुकानात जे मिळतं ते डॉट असतं, तेव्हा कॅलिपरवर किंवा लिव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुणालाही बाटली उघडू देऊ नकोस. नवीन पॅड घातले की लगेच भिंतीवर चढू नको. सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने जा, चाक लॉक न करता हळूहळू ब्रेक लाव, असं पंधरा-वीस वेळा कर, मग पॅड रोटरवर बसतात आणि पकड येते. चेनला तेल मारताना एक थेंबही रोटरवर नको. स्प्रे तर वापरूच नको, आणि तेल लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, पॅडमध्ये मुरलं असेल तर पॅडच बदल. लिव्हर एका बोटाचा, आणि हँडलच्या टोकापासून जरा आत सरकवून लाव म्हणजे तर्जनी लिव्हरच्या टोकावर येते, तिथंच कमी जोरात जास्त दाब मिळतो.

मग हब, आणि इथं थोडा हिशोब करूया. गावातल्या दुकानात जे साधं सिंगल स्पीड फ्रीव्हील मिळतं ते समज १८ क्लिकचं (एका फेरीत १८ जागी पकडणारं) आहे, म्हणजे एका क्लिकला २० अंश. पुढं २२ दाती, मागं १६ दाती आणि १७० मिलीमीटरचा क्रँक धरला तर पकड यायच्या आधी पायडल चार सेंटीमीटरपर्यंत रिकामं फिरू शकतं. ७२ क्लिकचा हब असेल तर तेच एक सेंटीमीटरच्या आसपास, १०८ चा असेल तर त्याहून कमी. एका कट्ट्यावरून दुसऱ्यावर उडी मारताना तू ब्रेक सोडून एक पायडल किक देतोस, तो सगळा जोर त्या पहिल्या सेंटीमीटरमध्येच पाहिजे असतो, चार सेंटीमीटर रिकामे गेले तर उडी अर्ध्यावर पडते. शिवाय स्वस्त फ्रीव्हीलचा पॉल (आतली पकडणारी खिटी) एखाद्या किकला घसरतो, आणि पाय सटकून क्रँक नडगीवर येतो. म्हणून हब चांगला घे, बाकी कुठं वाचव. पुढच्या क्रँकवर फ्रीव्हील बसवायची पद्धतही आहे, स्पर्धावाले वापरतात, त्यात सायकल चालू असेपर्यंत चेन आणि पुढचं चक्र (क्रँकजवळचं दातांचं) फिरतच राहतं, तेव्हा सैल पँट घालून चालवायचं नाही. सुरुवातीला मागचा हबच बरा.

गिअर २२-१६ ते २२-१८ मधलं ठेव. २२-१६ म्हणजे वेग जास्त, २२-१८ म्हणजे किक हलकी पण लांब उडीला कमी. पुढचं चक्र लहान असल्याने जमिनीपासून उंच राहतं, तरी त्याच्यावर बॅश गार्ड पाहिजेच, नाहीतर पहिल्याच चिऱ्यावर दात वाकणार.

चेनवर मी जरा जास्त बोलणार. किक देताना चेन तुटली तर छाती थेट हँडलवर आपटते, दात जातात, म्हणून चेन तुटायची वाट बघायची नाही, मोजून आधीच बदलायची. घरात स्टीलची पट्टी असेल ती घे. नवीन चेनच्या एका पिनपासून, ती न मोजता, पुढच्या २४ व्या पिनपर्यंतचं अंतर बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलीमीटर, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. तेच ३०६ च्या पुढं गेलं की ट्रायल्ससाठी ती चेन संपली, रस्त्याच्या सायकलला वापर हवी तर. दर धुण्याला एकेक कडी वाकवून बघ, एखादी अडकून चालते का, बाजूची पट्टी चिरली आहे का. जोडकडी चांगल्या दर्जाची, आणि पिन एकदा काढून तीच परत ठोकायची नाही. ताण इतका की मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर साधारण सेंटीमीटरभर हलेल, आणि क्रँक पूर्ण एक फेरी फिरवून बघ कारण चक्र थोडं आऊट, म्हणजे वाकडं फिरत असलं की एका जागी चेन आवळते. तिथं सेट कर. एक्सल मागं खेचायला दोन्ही बाजूला चेन टेन्शनर पाहिजे, नुसत्या नटावर भरवसा नको, किकने चाक पुढं सरकतं.

आपल्याला जे दुसऱ्या गावच्या पोरांना मिळत नाही ते म्हणजे उद्यमबाग. लेथवर एक्सलचे स्पेसर, चेन टेन्शनर, बॅश गार्डची चकती, हे सगळं तिथं करून मिळतं, फक्त तोंडी सांगू नको, व्हर्निअरने माप घेऊन कागदावर आकृती काढून घेऊन जा आणि जुना पार्ट सोबत ने. मागच्या हबची रुंदी ट्रायल्सच्या फ्रेमला ११६ किंवा १३५ मिलीमीटर असते, ते मोजल्याशिवाय हब मागवायचा नाही. पुढचं चक्र आणि ब्रेकचे पार्ट मात्र तिथं बनवून घेऊ नको, त्यांचा पोलाद आणि हार्डनिंग वेगळं.

टायर घेताना इंच बघू नको, बाजूला छोट्या अक्षरात लिहिलेला आकडा बघ. २४ इंची एमटीबीचा ५०७ असतो, आणि २४ बाय १ ३/८ लिहिलेला ५४० चा, दोन्ही २४ म्हणूनच विकतात आणि एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. रुंदी २.३ ते २.५. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हवर प्रेशर नीट मोजता येत नाही, म्हणून मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब घे, पेट्रोल पंपावर मोजून हवा भरता येते. साठ-पासष्ट किलोच्या पोराने पुढं ३० आणि मागं ३५ ते ४० पीएसआयपासून सुरू करावं. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडली तर हवा कमी होती, टायर आदळून चेंडूसारखा उसळत असेल तर जास्त.

हँडल, स्टेम, सीट यात फार डोकं घालू नको. हँडल ७२-७४ सेंटीमीटर रुंद, स्टेम जरा उंच, सीट पूर्ण खाली आणि नाक वर म्हणजे गुडघ्याला लागत नाही. पायडलला पिना पाहिजेत, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे पाना लावायच्या आधी आठव.

अंगावर हेल्मेट, पातळ सपाट सोलचे बूट, ग्लोव्ह्ज आणि नडगीला गार्ड, फुटबॉलचे शिन गार्ड चालतात. पिनांनी नडगी फाटते ती टाके घालण्याइतकी, म्हणून उन्हाळ्यात उकडतंय म्हणून काढून ठेवायचे नाहीत.

जागा. जांभ्याचे चिरे आपल्याकडे मुबलक, आठ-दहा मागून आण आणि परड्यात रचून घे, त्याच्यावर टायरची पकड मस्त येते, टायर मात्र लवकर झिजतो. एक थर, दोन थर, तीन थर असं वाढवत ने, आणि चिरा हलत नाही ना ते आधी पायाने दाबून बघ. जून लागला की भिंतींवर शेवाळ येतं, मग उघड्या जांभ्यावर दसऱ्यापर्यंत जाऊ नको, घरात लाकडी पॅलेट ठेवून त्याच्यावर बॅलन्स कर. देवळाचा कट्टा, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, राजहंसगड, असल्या ठिकाणी टायर लावायचा नाही, हे कुणी पकडेल म्हणून नव्हे, ती आपलीच ठेव आहे म्हणून. बाकी ठिकाणी विचारून घे. मराठीत विचार, समोरचा कन्नड बोलणारा असेल तर "अण्णा, स्वल्प प्रॅक्टिस माडतेव्री" म्हण, बहुतेक जण हो म्हणतात आणि बघत उभे राहतात.

चालवायला निघायच्या आधी रोज एवढं कर, दोन मिनिटांचं काम आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलव, हेडसेटमध्ये (हँडलखालच्या बेअरिंगमध्ये) खेळ लागतो का बघ. क्रँक हाताने आडवे हलव. मागचा ब्रेक दाबून पूर्ण वजन पायडलवर टाकून उभा राहा, चाक सरकलं तर तिथंच थांब आणि आधी ब्रेक बघ. एक्सलचे नट, स्टेमचे बोल्ट, लिव्हरचे बोल्ट. चाकाच्या तारा (स्पोक) दोन दोन जोडीने चिमटीत दाबून बघ, एखादी ढिली असली की कळते.

आणि नवीन बांधलेल्या सायकलचं पहिल्या एक-दोन दिवसांनी सगळं परत एकदा आवळायचं, विशेषतः क्रँकचे बोल्ट. स्क्वेअर टेपरचा क्रँक जरा जरी ढिला राहिला आणि तसाच चालवला तर त्याचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग कितीही आवळ, तो परत ढिला होणारच. चाकाच्या ताराही नव्याने बसतात, तेव्हा आऊट काढायला ज्याच्याकडे देशील त्याला सांग की नुसता आऊट नको, ताण पण सगळीकडे सारखा पाहिजे, आणि मागच्या चाकाला ३२ पेक्षा कमी तारा असतील तर ते चाकच घेऊ नको.