हेवी मेटल ऐकण्याचा कान कसा तयार करावा

भावगीते, नाट्यपदे आणि चित्रपटगीते ऐकत वाढलेल्या श्रोत्याच्या कानावर हेवी मेटल, म्हणजे जड गिटारचे रॉक संगीत, पहिल्यांदा पडते ते बहुधा चुकीच्या टोकाकडून. कोणीतरी उत्साहाच्या भरात सर्वांत वेगवान आणि सर्वांत कर्कश गाणे लावतो, आणि हा नुसता गोंगाट आहे हे मत तिथल्या तिथे पक्के होते. गेले काही महिने मी हे संगीत पुन्हा आरंभापासून, क्रमाने ऐकत आहे. त्यातून माझी अशी खात्री झाली आहे की त्याचे वजन आवाज किती मोठा आहे यावर अवलंबून नसते, तर स्वरांच्या निवडीवर आणि लयीवर अवलंबून असते. हे ध्यानात घेऊन ऐकायला बसावे.

सुरुवात संथ गाण्यापासून करावी. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाला आणि त्यातले पहिले गाणे बँडच्याच नावाचे आहे. पावसाचा आवाज आणि चर्चची घंटा यांनंतर गिटारवर अवघे तीन स्वर येतात. घरात पेटी असेल तर ती पुढ्यात घ्यावी, पांढरी पाच हा षड्ज धरावा आणि अगदी सावकाश सा, तार सा आणि मग खाली उतरून तीव्र मध्यम असे वाजवून पाहावे. हाच तीव्र मध्यम यमनमध्ये किती प्रसन्न वाटतो, कारण तिथे गंधार, पंचम आणि निषाद त्याला सावरून धरतात. इथे त्याला कोणाचाच आधार नाही, तो षड्जासमोर एकटा उभा राहतो आणि त्यातूनच ती भीती निर्माण होते. हे एकदा पेटीवर हाताने वाजवून पाहिले की पुढचा बराचसा मार्ग सोपा होतो.

या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांची हकीकतही माहीत असावी, कारण तिचा ध्वनीशी थेट संबंध आहे. वयाच्या १७व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करताना त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात हाच होता. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, हलक्या तारा वापरल्या, आणि १९७१ च्या अल्बममध्ये काही गाण्यांसाठी तारा चक्क खाली उतरवल्या. गिटारची सर्वांत जाड तार एरवी पांढरी तीनला लावलेली असते, ती काळी एकपर्यंत आली. ताण कमी झाल्याने बोटांना आराम मिळाला आणि आवाज अधिक गडद झाला. पुढे असंख्य बँडनी तारा उतरवून लावण्याची पद्धत उचलली.

यानंतर एक गाणे निवडून ते हेडफोनवर तीन-चार वेळा ऐकावे आणि प्रत्येक वेळी एकाच वाद्याचा पाठलाग करावा. प्रथम गिटार घ्यावी. मेटलमधील गिटारवादक पुष्कळदा फक्त षड्ज आणि पंचम एकत्र छेडतो, म्हणजे तानपुऱ्याच्या पंचमी जुळणीतलीच जोडी. गंधार मुद्दाम वगळला जातो, कारण ॲम्प्लिफायरवर आवाज फाडून घेतला की गंधारामुळे जादा कंपने निर्माण होऊन सगळे गढूळ होते, तर सा-प मात्र ठसठशीत राहतात. काही ठिकाणी तारांचा नाद मिटलेला, ठक-ठक असा ऐकू येतो, तो तळहाताची कड घोडीजवळ तारांवर टेकवून वाजवल्यामुळे. गिटार ओळखीची झाली की बेस (खर्जातली गिटार) आणि मग ड्रम यांकडे वळावे, गाणाऱ्याचा आवाज शेवटी घ्यावा.

मेटॅलिका या अमेरिकन बँडचे १९८८ चे ‘वन’ हे गाणे या पद्धतीसाठी फार उपयुक्त आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय, दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या सैनिकाचे मनोगत त्यात आहे. आरंभीची गिटार स्वच्छ आणि हळुवार आहे, आणि उत्तरार्धात दोन्ही पायांनी वाजवलेल्या बेस ड्रमच्या फैरी मशिनगनसारख्या झडू लागतात. तो वेग नुसता दिखाऊ नाही, तिथे युद्ध शब्दांतून निघून तालात शिरते. गाण्याचे शब्द आधी वाचून घेतले तर ही जागा अंगावर येते.

अनेकांची गाडी अडते ती घशातून काढलेल्या गुरगुरत्या आवाजापाशी. हा आवाज स्वरतंतूंच्या वर असलेल्या मांसल घड्यांच्या कंपनातून येतो आणि तो टिकवायला चांगला दमसास लागतो, नुसते ओरडून तो साधत नाही. त्याची सवय करून घेण्यासाठी स्वीडनच्या ओपेथ या बँडचे दोन अल्बम उलट क्रमाने ऐकावेत. २००३ च्या ‘डॅम्नेशन’मध्ये मिकाएल ओकरफेल्ट सर्व गाणी मृदू, सुरेल आवाजात गातात. ती आवडली की २००१ चा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ लावावा. तोच गायक तिथे एका ओळीत गातो आणि दुसरीत गुरगुरतो, आणि आवाज ओळखीचा झालेला असल्यामुळे हा बदल खटकत नाही.

तालाची गोडी असणाऱ्यांनी स्वीडनच्याच मेशुगाकडे जरूर जावे. माझ्या मते आपल्याकडच्या श्रोत्याला या बँडकडे नेणारी वाट इतरांपेक्षा जवळची आहे, कारण तिहाई आणि चक्रदार ऐकून त्याचा कान तयार झालेला असतो. झांज सरळ चार मात्रांचा ठेका धरून असते, पण गिटार आणि बेस ड्रम विषम लांबीचा तुकडा पुन:पुन्हा वाजवतात. तो प्रत्येक फेरीत पुढे सरकत जातो आणि बऱ्याच आवर्तनांनी ठेक्याला येऊन मिळतो. गिटारच्या मागे धावू नये, झांजेवर हाताने टाळी धरावी. मग सम आल्यावर मान आपोआप हलते.

आपल्या देशातले बँडही ऐकावेत. मुंबईचे डेमॉनिक रिझरेक्शन २००० सालापासून आहे, आणि दिल्लीच्या ब्लडीवूडने २०२२ च्या ‘रक्षक’ या अल्बममध्ये ढोल व बासरी वापरली आहे.

दिवसभर मात्र हेच ऐकू नये. एका अल्बमनंतर मी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने किंवा नुसता तानपुरा लावतो. त्यामुळे कान ताजा राहतो आणि परतल्यावर बारकावे अधिक ऐकू येतात. आवाजाची पातळीही सांभाळावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलवर ही मर्यादा ४ तासांवर येते. बहुतेक स्मार्टफोनमध्ये कमाल आवाजाला मर्यादा घालण्याची सोय असते, ती वापरावी. प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाताना इअरप्लग अवश्य न्यावेत, आणि मंचाला खेटून उभे न राहता ध्वनिसंयोजकाच्या टेबलाजवळ उभे राहावे. वाद्यांच्या पातळ्या तो तिथूनच ऐकून ठरवतो, त्यामुळे गिटार, बेस आणि ड्रम त्या जागी सर्वांत सुटे-सुटे ऐकू येतात.