आरव्हीतला फ्रिज तापून बंद पडतो? रीसेट करण्याआधी या चुका टाळा

आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, लावली, फ्रिज गॅसवर टाकला आणि काही तासांनी बघावं तर पॅनेल काळं. मग बाहेरची जाळी उघडून सेफ्टी स्विच (फ्रिज जास्त तापला की तो बंद करणारा) रीसेट करायचा, फ्रिज चालू झाला की निश्चिंत व्हायचं आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा तेच. कित्येक चांगले फ्रिज असेच कायमचे जातात, आणि ते टाळता येण्यासारखं असतं याचं जास्त वाईट वाटतं.

हा स्विच उगाच पडत नाही. आरव्हीतल्या या फ्रिजला अॅब्सॉर्प्शन फ्रिज म्हणतात, त्यात कॉम्प्रेसर नसतो. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेला असतो, आणि गॅसची ज्योत किंवा विजेचं एलिमेंट बॉयलर तापवून हे सगळं फिरवत ठेवतं. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्यात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. बॉयलरमध्ये द्रव कमी पडला की तो प्रमाणाबाहेर तापतो, क्रोमेटचे खडे धरतात आणि बारीक नळी चोंदते. पुढे नळीला तडा गेला तर अमोनिया आणि हायड्रोजन बाहेर येतात, तेही पेटत्या बर्नरशेजारी. 2006 मध्ये डोमेटिक या फ्रिज बनवणाऱ्या कंपनीने बॉयलरच्या नळीला तडे जाण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत 9 लाखांहून जास्त फ्रिज रिकॉल केले, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलावले. 2010 मध्ये नॉरकोल्ड या दुसऱ्या कंपनीच्या 1200 मालिकेवरही आगीच्या धोक्यापायी रिकॉलची वेळ आली.

म्हणून स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळून फ्रिज चालू ठेवणं ही चूक कधीही, एका रात्रीपुरतीसुद्धा, करू नका. थर्मल फ्यूज (जास्त उष्णतेने उडणारा) उडाला असेल तर त्याजागी साधा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावू नका. काही मॉडेलांचं सेफ्टी मॉड्यूल लोहचुंबकाने रीसेट होतं. हे कळल्यावर लोक चुंबक खणातच ठेवतात आणि दर वेळी फिरवतात. रीसेट करायचं ते कारण सापडून दुरुस्त झाल्यावर.

उतार

बहुतेक वेळा मूळ इथेच असतं. गाडी तिरकी उभी असली की द्रव नळ्यांच्या वळणांत साचून राहतो, बॉयलरकडे परत येत नाही आणि बॉयलर कोरडा तापत राहतो. बऱ्याच मॉडेलांना एका दिशेने साधारण 3 अंश आणि दुसऱ्या दिशेने 6 अंशांपर्यंतचा कल चालतो. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. गाडी धावत असताना हा प्रश्न फारसा येत नाही, कारण हिसक्यांनी द्रव हलत राहतो. धोका उभ्या गाडीत असतो.

इथे होणारी चूक म्हणजे लेव्हल डॅशबोर्डवर किंवा दाराच्या पायरीवर बघणं. पाणसळ फ्रीजरच्या तळावर ठेवा, एकदा आडवी आणि एकदा उभी. गाडी सरळ दिसली तरी फ्रिज तिरका बसवलेला असू शकतो. ‘तासाभराचाच तर प्रश्न आहे’ म्हणून उतारावर फ्रिज चालू ठेवू नका. प्रत्येक वेळचं नुकसान आधीच्या नुकसानात भर घालतं, आणि धरलेले खडे गाडी सरळ केल्याने विरघळत नाहीत. जागा सरळ करता येत नसेल तर फ्रिज बंद ठेवा. दार उघडलं नाही तर आतला थंडावा काही तास टिकतो.

हवा

खालच्या जाळीतून थंड हवा आत येते, मागच्या नळ्यांवरून वर चढते आणि छपरावरच्या व्हेंटमधून बाहेर पडते. या वाटेत पक्ष्याचं घरटं, सुटून लोंबणारं इन्सुलेशन किंवा कोणीतरी कोंबलेलं सामान असलं की उष्णता अडकते. फ्रिजच्या पाठीमागे मोठी पोकळी असेल तर हवा नळ्यांना टाळून त्या पोकळीतून निघून जाते, तिथे पत्र्याचा आडोसा लावावा लागतो. पंखा बसवायचा तर हवा नळ्यांमधून वर ढकलली जाईल असा बसवा.

गॅस की वीज?

एवढं नीट असूनही स्विच पडतच असेल तर कशावर पडतो ते बघा. मला ही तपासणी सगळ्यात उपयोगी वाटते, आणि सगळ्यात कमी लोक करतात.

फक्त गॅसवर पडत असेल तर संशय बर्नर आणि चिमणीवर. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी असेल तर काजळी धरते. बर्नरच्या नळीत कोळिष्टक होतं, चिमणीतून गंजाचे पापुद्रे पडतात, चिमणीतली पिळाची पट्टी तिच्या तारेवरून निसटलेली असते. जेटच्या, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोंडाच्या, छिद्रात सुई घालू नका, छिद्र मोठं झालं की ज्योतीचं गणित कायमचं बिघडतं. जेट अल्कोहोलमध्ये भिजवून हवेने वाळवा.

फक्त विजेवर पडत असेल तर एलिमेंट तपासा. वीजपुरवठा तोडा, एलिमेंटच्या वायरी सोडवा आणि मल्टिमीटर लावा. 120 व्होल्ट, 300 वॉटच्या एलिमेंटला सुमारे 48 ओहम दाखवायला हवेत, 230 व्होल्टच्या तेवढ्याच वॉटच्या एलिमेंटला सुमारे 176. आधीच्या मालकाने चुकीचं एलिमेंट बसवलेलं असू शकतं. 120 व्होल्टचं एलिमेंट 230 व्होल्टवर लागलं तर साडेतीनपटींहून जास्त उष्णता देतं. रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटून गॅस आणि एलिमेंट एकाच वेळी चालू राहतात का, तेही बघा.

दोन्हींवर पडत असेल, लेव्हल आणि हवा ठीक असेल, तर कूलिंग युनिट, म्हणजे बॉयलर आणि बंद नळ्यांचा संच, आतून चोंदलेलं असण्याची शक्यता मोठी. फ्रिज उलटा करून आपटण्याचा जुना उपाय सांगणारे भेटतील. त्याने खडा क्वचित हलतो, पण मुळातला बिघाड तसाच राहतो.

पॅनेल बंद पडण्याचं कारण उष्णता नसेलही. कंट्रोल बोर्डाला 12 व्होल्टचा पुरवठा लागतो. बॅटरी उतरली असली तरी फ्रिज असाच बंद पडतो, म्हणून बोर्डाच्या टोकांवर व्होल्टेज आधी मोजा.

बॉयलरजवळ पिवळी पूड (गळून बाहेर आलेलं क्रोमेट) दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर कुठलीही तपासणी करत बसू नका. सुरक्षितपणे जमत असेल तर फ्रिज आणि गॅसची टाकी बंद करा, दारं उघडा, सगळ्यांना गाडीबाहेर काढा. त्यानंतर तो फ्रिज नवं कूलिंग युनिट बसेपर्यंत पेटवायचा नाही.